चंद्रभानचा बाटला

पुंडलिक तांडेलाला आयुष्यात कोणी ‘चुकलास’ म्हटलं नव्हतं, आणि म्हणायची सोयही नव्हती. दांडीच्या बंदरावर रीतच तशी. बोट किनारा सोडून निघाली की तांडेल म्हणेल ती दिशा आणि तांडेल म्हणेल ते पाणी. तो म्हणाला जाळं इथं टाका, की खलाशी टाकतात. मासळी नाहीच लागली तर दर्याला बोल लावतात, तांडेलाला नाही. ह्याचा अंदाज चुकतो असं एकदा खलाशांच्या मनात आलं, तर भर वाऱ्यात त्याच्या शब्दावर सुकाणू कोण वळवणार? म्हणून चुकलेला तांडेल चुकलो म्हणत नाही आणि बाकीचे बघूनही न बघितल्यासारखं करतात. पाण्यावर ही रीत शहाणपणाची आहे. पुंडलिकने ती पाण्यावरून घरी आणली, पार जेवणाच्या ताटापर्यंत आणली, तिथे सगळा घोटाळा झाला.

जून लागला. मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढून ताडपत्र्यांखाली गेल्या. एरवी ह्या दिवसांत पुंडलिक जाळी विणत बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उपदेश करायचा. ह्या वर्षी त्याच्या मुलाने, धर्मेशने, निराळंच काढलं. धर्मेश तारापूरच्या एका कारखान्यात कामाला. त्याने रजा मंजूर करून घेतली आणि सांगितलं, आई-बाबांना घेऊन गाडीने हिमालयात जायचं, वर एका तळ्याकाठी तंबूत राहायचं. सून हेमांगी तर कधीची तयारीत होती. तिचा भाऊ मितेश मस्कतला असतो. त्याने येताना एक घडीचं ग्रिल आणलं होतं, बॅगेसारखं हातात धरून न्यायचं, वर जाळी, खाली गॅसची शेगडी. पुंडलिकने ते उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, आणि बंदरावर जाऊन जाहीर करून टाकलं.

“ढगात बसून पापलेट भाजणार हाय मी. दांडीचं पापलेट. तुमी नुसतं बघा.”

आता हा माणूस जन्मभर समुद्राच्या पातळीवर राहिलेला. त्याने चढलेली सगळ्यात मोठी उंची म्हणजे मनोरजवळचा आशेरीगड, तोही लग्नाआधी आणि तोही अर्धाच. पण आत्मविश्वासाला उंचीची काय गरज?

ग्रिलला बाटला, म्हणजे गॅसचा छोटा सिलिंडर, हवा होता. बाटल्यासाठी चंद्रभानकडे जायचं हे ठरलेलंच.

चंद्रभान म्हणजे पुंडलिकच्या धाकट्या बहिणीचा, शालूचा नवरा. लग्नाआधी तो पुंडलिकच्याच बोटीवर खलाशी होता. पुढे दर्या सोडला आणि बोईसरला दुकान घातलं. शेगड्या, नळ्या, बर्नर, गॅसचे छोटे बाटले. दांडीपासून इकडे-तिकडे बऱ्याच बोटींवरचा स्वयंपाक त्याच्याच बाटल्यांवर व्हायचा. बहिणीच्या नवऱ्याला खरं तर ‘भावोजी’ म्हणायचं, अहोजाहो करायचं. पुंडलिक मात्र त्याला अजून ‘ए चंद्रभान’ अशी बोटीवरची हाक मारायचा आणि चारचौघांत म्हणायचा, “दर्या झेपला नाय, म्हणून बाटले धरले.” चंद्रभान हसून सोडून द्यायचा. शालू हसायची नाही.

“तिकडं थंडी असते, दादा,” चंद्रभान म्हणाला. “आपला घरचा गॅस थंडीत मरगळतो. तुमाला प्रोपेनचा बाटला बघून देतो.” आणि त्याने खरंच दोन-तीन ठिकाणी फिरून तसा बाटला मिळवला, ग्रिलला बसेल असा रेग्युलेटर जोडला, साबणाचं पाणी लावून गळती तपासली. पैशाचं नाव काढू दिलं नाही. फक्त म्हणाला, “तिकडं मासा भाजताना एक फोटो काढा. दुकानात लावीन मोठा करून. माझा बाटला हिमालयात गेलता म्हणून लोकांना दाखवीन.”

“लाव, लाव,” पुंडलिक म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष बर्फाच्या खोक्यात होतं.

बर्फात मासळी कशी भरायची हे मात्र त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. वाटेत प्रत्येक मोठ्या गावी तो उतरायचा, पाणी काढून नवा बर्फ घालायचा, पापलेटांना मुलांसारखं निजवायचा. त्याची बायको नलू मागच्या सीटवरून बघत राहायची. “माज्यासाठी कधी एवढं उतरला नाय तुमी,” ती म्हणाली आणि हेमांगी खिडकीकडे तोंड करून हसली. प्रवास असा मजेत झाला.

तळ्याच्या अलीकडे तंबूंची वसाहत होती. चहूकडे उघडे डोंगर, झाड औषधालाही नाही, आणि वारा मात्र भरती लागल्यासारखा. गाडीतून उतरून तंबूपर्यंत चालताना पुंडलिकला धाप लागली. डोकं ठणकत होतं. ते तो कोणाला बोलला नाही. तांडेल दुखतं म्हणून सांगत नसतो. त्याने तंबूसमोर ग्रिल मांडलं, बाटला जोडला, आणि शेजारच्या तंबूंमधल्या माणसांना हाका मारमारून बोलावलं. पुण्याचे एक पिकल्या केसांचे मास्तर होते, सुरतेकडचं एक कुटुंब होतं, दोन-तीन मोटारसायकलवाले होते. “आइए, आइए. समुंदर का मछली. हमारे गाव का. दस मिनट!”

मंडळी जमली. थंडीत गरम मासा कोणाला नको असतो? उन्हं डोंगराआड जात होती. नलूने मसाला लावून ठेवलेली पापलेटं ताटात होती. पुंडलिकने काडी ओढली.

आच पेटली, पण कशी? पिवळट, लुळी, इकडून तिकडे डुलणारी. पुंडलिकने बटण पूर्ण फिरवलं. तशीच.  बोटीवर इतकी वर्षं त्याने आच बघितली होती. निळी आवाज करत जळते तोवर बाटल्यात गॅस आहे. पिवळी पडून डुलायला लागली की बाटला संपत आला. हे त्याला वाचल्यासारखं पाठ होतं.

“बाबा, इथं हवाच विरळ हाय,” धर्मेश हळूच म्हणाला. “आच नीट धरत नाय, आणि वाराबी हाय. झाकण लावून सावकाश होऊ द्या. वेळ लागंल.”

“तू मला आच शिकवतो?” पुंडलिक म्हणाला. “तुज्या जन्माआधीपासून बोटीवर गॅस लावतोय मी.”

 पुंडलिकने गाडीतली ताडपत्री काढून बोटीवर करतात तसा वाऱ्याला आडोसा केला. आच सरळ झाली, पण जोर आला नाही. मग बाटला किती भरलाय ते बघायला त्याने तो कडी धरून उचलला. बाटला जड लागला. चांगलाच जड. क्षणभर त्याच्या हाताला कळलं की हा भरलेला आहे. पण सकाळपासून त्याला सगळंच जड लागत होतं, पाण्याची बाटलीसुद्धा. इथं सगळंच जड लागतं, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि बाटला खाली ठेवला. पुढे कितीदा तरी त्याला तो क्षण आठवला. हात खरं सांगत होता आणि त्याने हाताचं ऐकलं नाही.

दहा मिनिटं झाली, आणखी तेवढीच झाली. माणसं हात चोळत उभी. पुंडलिक सारखं झाकण उघडून बघत होता आणि होती नव्हती ती ऊब घालवत होता. शेवटी घाईघाईने त्याने पहिलं पापलेट उलटवलं. कातडी जाळीलाच चिकटून राहिली. तरी त्याने त्यातलाच एक तुकडा ताटलीत घालून मान म्हणून मास्तरांना दिला. मास्तरांनी तो तोंडात घातला, थांबले, आणि सभ्यपणे रुमालात काढून घेतला. सुरतेच्या कुटुंबातली एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, “कच्ची है!” मोटारसायकलवाले हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले.

पुंडलिकच्या कानापर्यंत रक्त चढलं. दांडीच्या बंदरावर ज्याच्याकडे बघून कोणी हसलं नाही, त्याच्याकडे बघून परक्या मुलखात लोक हसत होते, आणि तेही माशावरून. त्या वेळी त्याला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. जमीन काही दुभंगली नाही. मग तोंडाला येईल ते तो बोलला.

“मेरा बहन का आदमी है. उसने बाटला आधा ही दिया. फसवला मेरे को.”

आणि गंमत बघा, लोकांचं हसू थांबलं. “अरेरे,” मास्तर म्हणाले, “घरचीच माणसं असं करतात.” मुलीच्या आईने मुलीला दटावलं. सगळ्यांच्या तोंडावर कीव आली. पुंडलिकला ती कीव गोड लागली. मग त्याला थांबता येईना. मंडळी पांगल्यावर तो तंबूमागे गेला, फोन काढला, आणि गावाच्या बोटवाल्यांचा जो ग्रुप आहे त्यावर बोलला. टाइप करणं त्याला जमत नसे. तो बोलूनच पाठवायचा.

“ऐका रे, पुंडलिक बोलतोय. चंद्रभानने मला बाटला अर्धाच भरून दिला. इथं परक्या लोकांत माजी शोभा झाली. सख्ख्या मेहुण्याला असं करतो, तो तुमच्या बोटींना काय देत असंल ते तुमचं तुमी बघा.”

तिथे नेटवर्क नव्हतं. संदेश गेला नाही, बाजूला बारीक घड्याळ दिसत राहिलं. पुंडलिकने फोन खिशात टाकला. राग बोलून झाला होता, आता त्याला झोप येणार होती. नलूने वसाहतीतल्या हॉटेलवाल्याच्या चुलीवर डाळ-भात केला होता, तो खाऊन सगळे झोपले.

दुसऱ्या दिवशी ते खाली उतरले. जसजसे उतरत गेले तसतसं पुंडलिकचं डोकं हलकं होत गेलं. दुपारी मनालीच्या अलीकडे, देवदारांखाली नदीकाठी गाडी थांबवली. ऊन चांगलं होतं. हेमांगी म्हणाली, “बाबा, उरलेली दोन पापलेटं आज नाय खाल्ली तर फेकावी लागतील. बघायचं का लावून?”

“काय लागणार, बाटलाच नाय,” पुंडलिक म्हणाला. पण लावलं.

ग्रिल फुस्स करून पेटलं आणि निळ्या आचेचा आवाज नदीच्या आवाजावरून ऐकू आला. जाळी बघता बघता तापली. पापलेटं चर्र करून बसली, कडेने कुरकुरीत झाली, उलटवताना अलगद सुटली. नलूने बाटला उचलून पाहिला. तिला बाजारात मासळी विकायला बसायची सवय, तिच्या हाताला वजन कळतं.

“आवो, हा तर भरलेला हाय,” ती म्हणाली. “काल जळला तेवढाच. जवळजवळ आख्खा हाय.”

“हवेचंच होतं ते,” धर्मेश म्हणाला.  त्याने फोटो काढला. हातात सोनेरी पापलेट धरलेला, तोंडभर हसणारा पुंडलिक, मागे ग्रिल आणि त्याच्या बाजूला चंद्रभानचा बाटला. पुंडलिक खरंच हसत होता. भूक लागली होती, मासा शिजला होता आणि रात्रीचं सगळं विसरल्यासारखं झालं होतं.

पहिला घास तोंडात असतानाच खिशातला फोन थरथरला. मग पुन्हा. मग थांबेचना.

नदीकाठी नेटवर्क होतं. रात्रीचा संदेश आपला आपण निघून गेला होता.

धर्मेशच्याही फोनवर तो आला. त्याने तो कानाला लावून ऐकला. पुंडलिक त्याच्याकडे बघत होता. खाली उत्तरं येऊन पडत होती. एकाने लिहिलं होतं, म्हणूनच आमचा बाटला फेरी संपायच्या आत जातो. दुसऱ्याने हसणारी चार तोंडं टाकली होती. तिसऱ्याने विचारलं होतं, काटा लावून घेत जाऊ का आता?

“बाबा,” धर्मेश म्हणाला, “काढून टाकता येतो अजून. आणि खाली एक बोलून टाका, हवेमुळं झालं म्हणून. हा फोटो टाकला तरी लोकांना कळंल.”

दोन मिनिटांचं काम होतं. पुंडलिकला ते कळत होतं. पण संदेश काढला, की तांडेलाने शब्द मागे घेतला असं होणार. आणि फोटो टाकला, तर बंदरावर ज्यांना ज्यांना तो इतकी वर्षं उपदेश करत आला ते सगळे म्हणणार, पुंडलिकला बाटला भरलेला का रिकामा एवढंही कळत नाही.

“राहू दे,” तो म्हणाला. “मी बोलतो चंद्रभानशी.”

धर्मेशने फोन खाली ठेवला. बापाच्या शब्दावर शब्द ठेवायचा नाही, हे तोही बोटवाल्याच्याच घरात शिकला होता. नलूने उरलेलं पापलेट झाकून ठेवलं. त्यानंतर ते कोणी खाल्लं नाही.

पुंडलिक चंद्रभानशी बोलला नाही. परतीच्या वाटेवर बोलला नाही, घरी पोहोचल्यावर बोलला नाही. बाटला परत करायचा होता. धर्मेश म्हणाला, मी कामावर जाताना देतो. पुंडलिक घाईने म्हणाला, मीच नेतो. आणि नेला कुठे, तर आपल्याच बोटीत, पुढच्या कप्प्यात जाळ्यांखाली. चोरीचा माल लपवतात तसा. त्यानंतर बोटीवर चढायचं त्याच्या जिवावर यायला लागलं. ज्या बोटीवर तो राजा होता, तिच्यातच आता त्याचं पाप जाळ्याखाली झाकलेलं होतं.

चंद्रभानने ग्रुपवर काही लिहिलं नाही. भांडायला आला नाही. शालूचा फोन यायचा तो नलूला. नलू दारात उभी राहून बोलायची आणि मग फोन नवऱ्यापुढे धरायची. पुंडलिक हातानेच नको म्हणायचा आणि उठून परसात जायचा. एकदा फोन ठेवल्यावर नलू त्याच्यामागे परसात आली.

“मी बाजारात बसते,” ती म्हणाली. “मापाचा डाग कसा लागतो ते मला ठाऊक हाय. मासळी शिळी निघाली तर लोक दुसऱ्या दिवशी येतात. माप खोटं निघालं म्हटल्यावर येत नाय. तुमी त्या माणसाला कसल्या खड्ड्यात घातलाय ते तुमाला कळतंय का?”

“कळतंय.”

“मग?”

पुंडलिकने विळा उचलला आणि नसलेलं गवत कापायला बसला. नलू आत गेली. एवढ्या वर्षांत ती त्याला पहिल्यांदा असं बोलली होती, आणि तेही परसात, कोणी नसताना.

जुलै सरत आला. बोटवाले मोसमाच्या तयारीला लागले, बर्फ, डिझेल, किराणा, बाटले. पुंडलिकला नवा दोर आणायचा होता, म्हणून तो बोईसरला गेला. दोराचं दुकान चंद्रभानच्या दुकानासमोरच, रस्त्यापलीकडे. तो पलीकडूनच चालला होता, मान खाली घालून. पण नजर गेलीच.

चंद्रभानच्या दुकानाच्या दारात, उंबऱ्यावरच, नवाकोरा वजनकाटा ठेवलेला होता. दांडीचाच एक बोटवाला आपले बाटले एकेक करून त्यावर ठेवत होता, वाकून आकडा बघत होता, पुन्हा ठेवत होता. चंद्रभान बाजूला हात मागे बांधून उभा होता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. बोटवाल्याचं समाधान झालं तेव्हा चंद्रभाननेच बाटले उचलून टेम्पोत ठेवून दिले. मग त्याला पुंडलिक दिसला.

“दादा!” त्याने रस्त्यापलीकडून हाक मारली. “या की. चहा घेऊन जा.”

त्या हाकेत काही नव्हतं. टोमणा नव्हता, राग नव्हता. नेहमीचीच हाक होती. पुंडलिकला ती सोसवेना. “घाई हाय,” म्हणत तो समोर आलेल्या रिक्षात बसला. रिक्षा कुठे चाललीय हेही त्याने विचारलं नाही. दोर घ्यायचा राहिला. ती रिक्षा दांडीची वाट सोडून भलत्याच बाजूला निघाली तेव्हा त्याला उतरून उलटं यावं लागलं, आणि येताना वाटेत त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की रिक्षावाल्याशीसुद्धा त्याने डोळा मिळवला नाही.

आणि नारळी पौर्णिमा आली.

दांडीत त्या दिवशी घराघरांत गडबड. दुपारनंतर नारळाची मिरवणूक दर्याकडे निघायची, तिच्याआधी बहिणी राख्या बांधून घ्यायच्या. पुंडलिकच्या अंगणात दरवर्षीप्रमाणे त्याचे खलाशी आणि शेजारपाजारचे बोटवाले जमले होते, नव्या टोप्या घालून, मिरवणुकीच्या तयारीत. पुंडलिक पाटावर बसून वाटेकडे बघत होता. शालू येणार नाही अशी त्याची खात्री होती, आणि ती आली नाही तर त्याला थोडं बरंच वाटणार होतं. तेवढी शिक्षा तरी झाली, असं म्हणता आलं असतं.

शालू आली. एकटीच आली. चंद्रभान दरवर्षी यायचा, ह्या वर्षी नव्हता. तिने नलूला नमस्कार केला, हेमांगीची चौकशी केली, आणि भावाला कुंकू लावून राखी बांधली. ओवाळताना ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हती, दिव्याकडे बघत होती. पुंडलिकने पाकीट पुढे केलं.

“पाकीट नको, दादा,” ती हळू आवाजात म्हणाली. “आमचा बाटला दे.”

अंगणातलं बोलणं थांबलं. पुंडलिकला वाटलं, आली वेळ. आता ही सगळ्यांसमोर काय ते बोलणार. तो उठला, बोटीकडे गेला, जाळी बाजूला केली. बाटला उचलताना त्याचा हात ताणला गेला. ह्या वेळी समुद्राच्या पातळीवर उभा होता तो. जड लागण्याचं खापर फोडायला हवाही नव्हती. तो बाटला घेऊन अंगणात आला आणि बहिणीपुढे ठेवला.

शालूने तो दोन्ही हातांनी उचलून कमरेवर घेतला, हंडा घेतात तसा. तिची कमर वाकली. मानेवरची शीर ताणली. तरीही ती अंगणातल्या माणसांकडे वळून हसली.

“रिकामा हाय,” ती म्हणाली. “नेऊन भरायला लावते.”

आणि ती फाटकाकडे चालायला लागली. एका बाजूला झुकून, पण सावकाश, ओझं नसल्यासारखं दाखवत.

पुंडलिक तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं ती त्याची अब्रू काढायला आली आहे. ती तर ती झाकायला आली होती. नवऱ्याच्या नावावरचा डाग तसाच ठेवून, खोटं बोलून, भावाचं पाप कमरेवर घेऊन चालली होती. गेले दीड-दोन महिने त्याने जे केलं त्याची त्याला लाज होतीच. पण बहिणीची ती वाकलेली कमर बघताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“शालू, थांब.”

ती थांबली.

“नलू, तुझा काटा आण.”

 मासळी तोलायचा काटा नलूने आतून आणून अंगणाच्या मधोमध ठेवला. पुंडलिकने शालूच्या कमरेवरून बाटला घेतला आणि काट्यावर ठेवला. रिकाम्या बाटल्याचं वजन त्याच्या गळ्यावरच रंगवलेलं असतं, ते बोटवाल्यांना माहीत असतं. सगळे वाकून बघत होते. एकाने गळ्यावरचा आकडा वाचला, काट्यावरचा वाचला, आणि सरळ होऊन आभाळाकडे बघायला लागला.

 मग पुंडलिकचाच एक जुना खलाशी खाकरून म्हणाला, “काटाच बिघडलेला असंल, तांडेल.”

“हां, हां,” बाकीचे म्हणाले. “पावसात बिघडतात काटे.”

माणसं त्याला वाट करून देत होती. बोटीवरची रीत पाळत होती. नुसती मान हलवायची होती, की सगळे काट्याला शिव्या देत मिरवणुकीला निघाले असते.

“काटा बरोबर हाय,” पुंडलिक म्हणाला.  “बाटला भरलेला होता. पहिल्यापासून भरलेला होता. वर हवा विरळ होती, आच धरली नाय. धर्मेश सांगत होता मला. दुसऱ्या दिवशी खाली आल्यावर पेटला तो, मासाबी खाल्ला आमी. तेव्हापासून मला ठाऊक हाय. मी बोललो नाय.”  पुढचा शब्द त्याच्या तोंडाला कधी लागलेला नव्हता. “मी चुकलो.”

त्याने धर्मेशकडून फोन घेतला आणि सगळ्यांसमोर तेच पुन्हा ग्रुपवर बोलला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ह्या वेळी नेटवर्क चांगलं होतं. अंगणातल्या खिशाखिशांत फोन वाजले, पण कोणी काढून बघितला नाही.

शालू फाटकाशीच उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं. “काटा दुकानाच्या दारातून काढायचा नाय म्हणतात ते,” ती म्हणाली, कोणाकडेही न बघता. “सवय झालीय म्हणे आता.”

एवढ्यात फोन वाजला. चंद्रभानचं उत्तर होतं, तेही बोलूनच पाठवलेलं. धर्मेशने बापाकडे बघितलं. पुंडलिकने मान हलवली. धर्मेशने लावलं आणि सगळ्या अंगणाने ऐकलं.

“दादा, मासा शिजला ना शेवटी? मला वाटलं, वाया गेला सगळा. फोटो काढला असंल तर पाठवा की. जागा ठेवलीय मी दुकानात.”

धर्मेशने फोटो उघडला. नदीकाठ, निळी आच, बाजूला बाटला, आणि मध्ये तोंडभर हसणारा पुंडलिक. तो फोटो आता दुकानात लागणार होता, त्या काट्याच्या वर, मोठा करून. येणारा-जाणारा बोटवाला बाटला तोलताना वर बघणार होता.

“बाबा, पाठवू?”

“पाठव,” पुंडलिक म्हणाला, आणि राखी बांधलेल्या हाताने त्याने तोंड झाकून घेतलं.